वनूची शेजवान

बोरिवली
६ ऑक्टोबर

वनमाला,

वर 'चि.' लिहिलं नाही. आई असती तर ओरडली असती. तू माझ्याहून लहान आहेस, आशीर्वाद द्यायला हरकत नव्हती, पण आत्ता आतून येत नाहीये. जे येत नाही ते लिहायचं नाही, एवढी तरी शिस्त मी पाळते.

टपालाने पाठवतेय. व्हॉट्सअॅपवर लिहिलं की तू वाचलंस हे कळतं, आणि वाचून गप्प बसलीस हेही कळतं. दोन वर्षं गप्प आहोत ते पुरे झालं.

कामाचं लिहिते. आपली 'दोघींची चूल' ही साइट अजून चालू आहे. नाव बदललेलं नाही. दुसरं सुचत नाही म्हणून, दुसरं काही कारण नाही. तू साइट सोडून गेल्यापासून स्वयंपाकही मीच करते, लिहितेही मीच. आधी तू करायचीस आणि मी लिहायचे. लोकांना वाटतं की करणं म्हणजेच सगळं. तुलाही तसंच वाटलं असणार, नाहीतर त्या टीव्हीवाल्या बाईला तू तसं सांगितलं नसतंस.

मी विसरले नाहीये. त्यांच्याकडे एकच खुर्ची होती, मीच तुला म्हटलं की तू जा, तुझं हसणं चांगलं आहे. त्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या बायकांना बोलावून मी टीव्ही लावला होता. तू छान दिसत होतीस. आणि तू म्हणालीस, "माझी साइट आहे, सगळं मीच बघते." शेजारच्या सपनाने माझ्याकडे बघितलं आणि मग उगाच पोह्यांचं कौतुक करत बसली. तिचं ते पोह्यांचं कौतुक मला अजून झोंबतं.

असो. मी क्लास लावलाय, हे तुला सांगायचं होतं. वेब अॅनालिटिक्सचा. अंधेरीला, शनिवार-रविवार. साइटवर कोण येतं, काय वाचतं, किती वेळ थांबतं आणि कुठून निघून जातं, ते बघायची साधनं असतात, ती शिकवतात. शिकवणारी गंधाली नावाची मुलगी आहे, तुझ्या ऋतिकाच्या वयाची. मला मावशी म्हणते. वर्गात सगळी पोरं, केस पांढरे झालेली मी एकटीच. पहिल्या दिवशी एकाला वाटलं मी कोणाला तरी सोडायला आलेय.

तू विचारशील की ताईला या वयात हे कशाला हवं. तू गेल्यावर साइट बसली असं सगळ्यांना वाटतं ना, तसं झालेलं नाही हे मला आकड्यांत दाखवायचंय. कोणाला दाखवायचंय ते अजून ठरलेलं नाही.

तुझ्या नव्या चॅनलवरचे व्हिडिओ मी बघत नाही. वेळच नसतो. फक्त एवढंच सांगते, कोलंबीच्या व्हिडिओत जी जांभळी साडी नेसलीस ती आईची आहे, आणि ती माझ्याकडे यायची होती.

कुंदा


बोरिवली
९ नोव्हेंबर

वनमाला,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे.

क्लासमध्ये आता आम्ही आपापल्या साइटी उघडून बसतो. साधन साइटला पहिल्यापासून जोडलेलंच होतं, मी कधी उघडलं नव्हतं; उघडलं की पडद्यावर रेघा दिसतात. जास्त माणसं आली की रेघ चढते, कमी आली की उतरते. गंधाली म्हणाली, "मावशी, आधी अंदाज करा. तुमचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान कोणतं?"

मी म्हटलं, बांगड्याचं तिखलं. तुला आठवतंय ना मी ते कसं लिहिलं होतं? बाबा गिरणीतून सुटून यायचे, देवगडहून कोणी मसाल्याचा डबा घेऊन यायचं, आणि आई तिरफळं फोडायला बसायची. ते लिहिताना मी स्वतःच रडले होते. म्हटलं, लोक त्याच्यासाठीच येत असणार.

गंधालीने यादी उघडली. तिखलं पार खाली. वर एकच पान, बाकी सगळ्यांच्या कितीतरी वर: 'तिरफळ घातलेली शेजवान चटणी आणि फ्राइड राइस'.

तुझं पान.

तिने मागच्या वर्षांची रेघही काढून दाखवली. वर्षभर बरी असते, आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की उभीच्या उभी चढते. वर्गातली पोरं उठून बघायला आली. गंधाली टाळ्या वाजवत म्हणाली, "झकास! अहो मावशी, थर्टीफर्स्टला सगळे जण तुमचं चायनीज करतात!"

तुमचं. मी मान हलवली. 

ते पान मी लिहिलं तेव्हा मला वाटलंही नव्हतं की कोणी वाचेल. तुमच्या मुलुंडच्या घरी आपण सगळे थर्टीफर्स्टला जमलो होतो. तुझा राजेश गाडीवर चायनीज आणायला गेला आणि हात हलवत परत आला, तिथे म्हणे मारामारीसारखी गर्दी. पोरांची तोंडं उतरली. तू म्हणालीस, "थांबा रे, त्यात काय मोठंसं?" बेडगी मिरच्या भिजवल्यास, लसूण सोललास, आणि मासळीच्या मसाल्याच्या बरणीतून तिरफळं काढलीस. मी म्हटलं, "चायनीजमध्ये तिरफळ? वाट लागली." तू ऐकलंस थोडंच. तुझे भावोजी तर चमचा चाटत होते, माझ्यासमोर. त्यानंतर दरवर्षी थर्टीफर्स्टला मुलुंड आणि वनूचं चायनीज हे ठरूनच गेलं. आता दोन वर्षं ते नाही. आमच्या घरी कोणी तो विषय काढत नाही, पण त्या दिवशी तुझे भावोजी संध्याकाळी उगाच फिरायला जातात.

आणि तू गेल्यावर मी केलेलं? लोक येतात आणि उलट्या पावली जातात. नाचणीच्या आंबिलीच्या पानावर माणूस श्वास घेईपर्यंतही थांबत नाही. साधन खोटं बोलत नाही म्हणे.

म्हणून मीही करून बघितलं. राइस, मंचुरियन, चटणी, सगळं. तुझ्या भावोजींना वाढलं.

"कसं झालंय?"

"बरं झालंय."

"बरं म्हणजे?"

"म्हणजे वनूसारखं नाही, पण बरं आहे."

त्यानंतर ते स्वतःच भांडी घासायला उठले, त्यावरून समज.

आता हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळू दे. ते पान मी काल काढलं. त्याच जागी माझी कृती घातली, तिरफळाशिवाय. साइट माझ्याकडे आहे, मला काय ठेवायचं ते मी ठरवीन. मी अशी वागले याचं तुला वाईट वाटेल. वाटू दे.

कुंदा


बोरिवली
३ डिसेंबर

वनमाला,

तुझा मेसेज मिळाला. दोन वर्षांनी तुझं नाव फोनवर दिसलं आणि मी चष्मा शोधत राहिले, डोक्यावर होता. "ताई, त्या लिंकवर तुझी वेगळी कृती दिसतेय. लोक मला विचारतायत, तिरफळवाली कुठे गेली. मी लिंक काढून टाकते." बस. कशी आहेस नाही, काही नाही.

तुला वाटत असेल मेसेज वाचून मला लिंकचं कळलं. मला एक दिवस आधीच कळलं होतं.

या आठवड्यात माणसं येतात कुठून ते शिकवलं. कोणी शोधून येतं, कोणी दुसरीकडची लिंक दाबून येतं. गंधालीने माझा रिपोर्ट उघडला आणि म्हणाली, "मावशी, तुमची निम्म्याहून जास्त माणसं एकाच चॅनलवरून येतात. कोणाचं आहे हे?"

"आहे ओळखीचं."

"ओळखीचं? अहो, तिने प्रत्येक व्हिडिओखाली तुमची लिंक दिलीय. आणि वर लिहिलंय, 'नीट मापं हवी असतील तर माझ्या ताईने लिहिलंय, तिथे वाचा.' तुम्ही तिची ताई?"

मी पाणी पिऊन येते म्हणून बाहेर गेले. खाली चहाच्या टपरीवर उभी राहिले, चहा घेतला नाही.

तुला वाटेल मला गहिवरून आलं. नाही आलं, वनू. माझा संताप झाला. दोन वर्षं मी समजत होते की साइट मी एकटीने ओढली. एवढी माणसं येतात ती माझ्या लिहिण्याला येतात. आणि कळलं काय, तर माझ्या दारात आलेलं माणूसही तुझं बोट धरून आलेलं. तू दिलेलं मी खात होते आणि मलाच ठाऊक नव्हतं. मला सांगितलं का नाहीस? सांगितलं असतंस तर मी नको म्हटलं असतं. म्हणूनच सांगितलं नसशील.

माझ्या पानाखाली लोकांनी जे लिहिलंय ते तू वाचलं असशीलच. एकीचा भात खिमट झाला. दुसरीने लिहिलंय, ही ती चव नाही, वनमालाताईंना विचारा. मी त्यांना उत्तर दिलं की तांदूळ जुना घ्या. तांदळाचा दोष नव्हता. मला माहीत आहे.

लिंक काढलीस त्या दिवसापासून रेघ खाली आलीय. गॅस बंद केल्यावर दूध बसतं ना, तशी. मी रोज बघते. आधी सकाळी बघायचे, आता दुपारी आणि संध्याकाळीही बघते. भावोजी म्हणाले, "कुंदा, शेअर बाजारात पैसे लावलेस की काय?" मी त्यांना सांगितलं नाही काय झालंय. तूही राजेशला सांगू नकोस, तो लगेच ह्यांना फोन करतो.

साइट पडली तर माझ्याच हाताने पडेल एवढं मला कळतं. पण तुझं पान परत लावायला हात धजत नाही.

कुंदा


बोरिवली
१४ डिसेंबर

वनमाला,

जान्हवी कोण?

ह्यांनी जेवता जेवता सांगितलं, राजेश म्हणाला म्हणे. तुझी नवीन साइट सुरू झालीय आणि लिहायला तुमच्याच सोसायटीतली कोणी जान्हवी आहे. शाळेत मराठी शिकवायची. म्हणजे तू करतेस आणि ती लिहिते. ती तुझ्या ओट्याशी उभी राहते का? मी उभी राहायचे तिथे, फ्रिजच्या बाजूला? तू एक मूठ टाकलीस की ती तुला थांबवून मोजून घेते का? तू माझ्यावर चिडायचीस, "ताई, तेल तापलंय, तुझी वाटी घेऊन बाजूला हो." तिच्यावर चिडतेस का?

हे सगळं मी ह्यांना विचारलं नाही. आमटी वाढली.

मग दुपारी बसून तिने लिहिलेलं सगळं वाचलं. चुका काढायच्या म्हणूनच वाचायला घेतलं, लपवत नाही. मला वाटलं होतं 'बारीक चॉप करून फ्राय करा' छाप काहीतरी असेल. तसं नाहीये. तिने तुझ्या खेकड्याच्या रश्श्याबद्दल लिहिलंय, 'रस्सा उकळताना वनमालाताई बोलत नाहीत, म्हणून मीही बोलले नाही.' हे वाक्य मी लिहायला हवं होतं. इतकी वर्षं तुझ्या बाजूला उभी होते, मला हे दिसलं कसं नाही? मी तर बोलतच असायचे.

एक वेलांटी चुकली होती. तेवढ्यावर मी समाधान मानायचा प्रयत्न केला.

तुझं लग्न झालं तेव्हा मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. राजेश काय, तुझ्या आयुष्यात यायचाच होता कोणीतरी. तुला चॅनलवर लोक ताई ताई म्हणतात, त्याचाही मी त्रास करून घेत नाही. थोडा घेते. पण लिहिणं माझं होतं. आपल्या दोघींमध्ये माझ्या वाट्याला तेवढंच आलं होतं. रंग तुझा उजळ, आवाज तुझा गोड, हाताला चव तुझ्या. मासे घेताना कोळणीसुद्धा तुला दोन जास्त टाकायच्या आणि मला म्हणायच्या, बाजूला हो गो, उजेड अडवू नको. मला शब्द दिले होते देवाने. तेही तू दुसऱ्या बाईकडून घेतेस.

उत्तर दे किंवा देऊ नकोस. पण ती तुझ्या ओट्याशी कुठे उभी राहते तेवढं कळव.

ताई


बोरिवली
२६ डिसेंबर

वनू,

तुझं पत्र आलं. पोस्टमन वर येऊन हातात देऊन गेला. किती वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून 'र' मध्ये गाठ मारतेस.

तू लिहिलंस, "हो, म्हणाले मी तसं. कॅमेरा बघून घाबरले, ती बाई विचारत होती आणि तोंडातून गेलं. दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे आले होते सांगायला. तू दार उघडलंस आणि साइटचा पासवर्ड कोणाकडे राहणार तेवढंच बोललीस. मग मीही नाही बोलले." आणि शेवटी, "जान्हवी खिडकीशी उभी राहते. फ्रिजच्या बाजूला सध्या सिलिंडर आहे."

ही शेवटची ओळ मी किती वेळा वाचली ते सांगत नाही.

तुला माफ केलं असं लिहायला बसले होते, ते खोडलं. घाबरलीस हे खरं असेल. पण घाबरल्यावर तुझ्या तोंडून 'आमची' का नाही आलं, 'माझी'च का आलं, हे माझ्या मनातून जात नाही. कदाचित त्याला काही उत्तर नसेल. मी तुझ्या जागी असते तर काय म्हणाले असते, याचाही विचार केला. माझ्याही तोंडून 'माझी'च आलं असतं बहुतेक. हे माझं मलाच आवडलं नाही.

रविवारी क्लासचा शेवटचा दिवस होता. प्रत्येकाने पुढे येऊन आपल्या साइटचं सांगायचं, काय चढलं, काय पडलं आणि का. पोरांनी काय काय केलेलं. एकाने घाटकोपरच्या बुटांच्या दुकानाची विक्री वाढवून दाखवली. माझी पाळी आली तेव्हा पडद्यावर माझी रेघ लागली. सगळ्यांना दिसत होतं. नोव्हेंबरपर्यंत ठीक, मग धपकन खाली. आणि तेही ती दरवर्षी चढते त्या दिवसांच्या अगदी तोंडावर.

गंधाली म्हणाली, "मावशी, कशामुळे झालं हे? सोर्स सांगा, कुठून यायची माणसं थांबली?"

मी म्हटलं, "बहिणीमुळे."

पोरं हसली. गंधालीही हसली. "बहीण असा सोर्स नसतो हो मावशी."

"मग माझ्यामुळे," मी म्हटलं. "बहिणीचं पान मी काढलं. ते चांगलं होतं म्हणून काढलं."

गंधाली टेबलाला टेकून उभी होती, तिने विचारलं, "मग परत लावत का नाही?"

"लावलं तर रेघ चढेल."

"चढावी म्हणूनच तर क्लास लावलात ना?"

ती एकुलती एक आहे, विचारून घेतलं मी नंतर.

थर्टीफर्स्टला तू चॅनलवर थेट चायनीज करून दाखवणार आहेस म्हणे. मी बघणार नाहीये. ह्यांना मी सांगितलंय की यंदा घरी वरणभात.

ताई


बोरिवली
१ जानेवारी

वनू,

नवीन वर्षाचे आशीर्वाद. आज आतून येतायत, म्हणून देतेय.

तुझा फोन वाजत होता काल, नंतर आज सकाळीही. उचलला नाही. उचलला असता तर मी रडले असते नाहीतर भांडले असते, आणि दोन्ही मला पुन्हा निस्तरावं लागलं असतं. लिहिते तेच बरं. जे झालं ते तू तुझ्या बाजूने बघितलंस. माझ्या बाजूने कसं होतं ते ऐक.

संध्याकाळी हे म्हणाले, मला वरणभात जाणार नाही, मी गाडीवरून काहीतरी घेऊन येतो. गेले. मी दार लावलं आणि लॅपटॉप उघडला. तुझं सुरू झालेलंच होतं. हिरव्या साडीत होतीस, ऋतिका कॅमेरा धरून असावी, कारण मधूनच तू "अगं वर धर ना" म्हणत होतीस. खिडकीशी कोणाचं तरी कोपर दिसत होतं. मी त्या कोपराकडेच बघत राहिले बराच वेळ.

मग तू चटणी करायला घेतलीस. वाटी उचललीस आणि म्हणालीस, "आता ही तिरफळं. मूठभर घ्या, जरा गरम करा आणि मिरच्यांबरोबर वाटून टाका."

वनू, तुझ्या वाटीत साफ केलेली तिरफळं होती. तू सकाळीच बसून त्यातल्या काळ्या बिया काढल्या असणार, आईसारख्या, बोलता बोलता. पण हे तू बोललीस कुठे? बघणारी माणसं नागपूरची, नाशिकची, कुठली कुठली. त्यांनी कधी तिरफळ हातात घेतलंय? ती बियांसकट वाटणार. वर्षाच्या शेवटच्या दिवशी घरोघरी चटणीत कचकच लागणार आणि नाव तुझं जाणार.

मी गप्प बसणार होते. खरं तर क्षणभर बरंही वाटलं, की जाऊ दे नाव. मग तू पुढच्या गोष्टीला लागलीस आणि कोणीच तुला थांबवेना. ते खिडकीतलं कोपरसुद्धा थांबवेना. माझ्याच्याने राहवेना. मी खाली लिहिलं, 'तिरफळाच्या आतली काळी बी काढून टाकायची. फक्त साल घ्यायची. कुंदा.'

प्रेमाने नाही लिहिलं. चूक होती म्हणून लिहिलं.

तू वाचलंस आणि गॅस बारीक केलास. मला वाटलं आता रागावशील. आणि तू कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन, आपल्या घरच्या भाषेत म्हणालीस, "काय गो ताई, बघतंस काय?"

मी लॅपटॉप बंदच करणार होते. तू जणू मला बघत होतीस. खाली लोकांनी धडाधडा विचारायला सुरुवात केली, कुंदा कोण, कुंदा कोण. आणि तू, वनू, तुला काही लाजलज्जा? सगळ्या जगासमोर सांगितलंस, "माझी मोठी बहीण. माझ्यावर रागावलीय ती. पण मी चुकले की तिला राहवत नाही."

लोकांनी लिहिलं, ताई राग सोडा. एकाने लिहिलं, सोडू नका, त्यांच्याकडून शेजवान वसूल करा. एक बाई म्हणाली, आम्ही दोघी जावाही बोलत नाही. मी तोंडावर पदर घेऊन बसले होते, घरात कोणी नसताना.

मग तू म्हणालीस, "सांग मगे पुढचा. मीठ किती?"

आणि मी लिहीत गेले. मीठ किती, व्हिनेगर कधी, भात आदल्या दिवशीचा का हवा. तू वाचायचीस आणि करायचीस. मधे तू सोया सॉसला हात घातलास आणि मी 'कमी' लिहिलं तेव्हा "होय गो बाय, कमीच घालतंय" म्हणालीस. हे कधी लॅच उघडून आत येऊन माझ्या मागे उभे राहिले कळलंच नाही. हातात पार्सल तसंच. म्हणाले, "अगं, कोबी मोठा चिरतेय ती, लिही ना." मी म्हटलं, गप्प बसा, तो तसाच चिरतात.

संपल्यावर मी लॅपटॉप मिटला आणि आम्ही दोघांनी गाडीवरचं ट्रिपल शेजवान खाल्लं. लाल रंग आणि तिखट, बाकी काही नाही. हे म्हणाले, "आपलंच बरं होतं." आपलं म्हणजे कोणतं ते मी विचारलं नाही. त्यांचं त्यांना माहीत.

आज सकाळी उठल्यावर आधी तुझं पान परत जागेवर लावलं. माझी कृती काढली. वर तुझं नाव घातलं, खाली माझं. रेघ चढली असेल. अजून बघितली नाही.

आता खरं सांगते. तुला वाटेल ताईचं मन मोकळं झालं. तसं काही झालेलं नाही. काल लोकांनी माझंही कौतुक केलं, ते मी सगळं वाचलं, आणि तुझं किती केलं तेही वाचलं. तुझ्या वाट्याला जास्त आलं. ते मला टोचलं. आत्ता लिहितानाही टोचतंय. मला वाटतं हे माझ्याबरोबरच राहणार. पण काल तू मीठ किती म्हणून विचारलंस तेव्हा मी तुझ्यावर जळत नव्हते, मला मीठ किती ते आठवायचं होतं. तेवढा वेळ बरा गेला.

तुझा सकाळचा मेसेज वाचला. "रविवारी कोंबडीवडे करतेय. सिलिंडर हलवलाय. येशील?"

येते. ह्यांनाही घेऊन येते, नाहीतर ते वर्षभर ऐकवतील. जान्हवीला काढू नकोस, चांगली लिहिते ती. तिचं ते वाक्य चांगलं आहे, तिला माझ्याकडून सांग.

फक्त या रविवारी तिला सुट्टी दे.

तुझी
ताई